वाचकांचे प्रश्न : सिरियल बघून परकी भाषा बोलता येते का?

या वेळी पत्रांचा सगळा ओढा एकाच विषयाकडे होता, घरबसल्या मालिका, ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका), कार्टून बघून परदेशी भाषा बोलायला येईल का. मी जपानी शिकवते म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीये, बाकीच्यांनी रागावू नये, त्यातलं बरंचसं तुमच्याही भाषेला लागू आहे.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत होतो तेव्हापासून ॲनिमे बघतो, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी पास झालोय, आता एन३ची तयारी चाललीये. सबटायटल बंद केले तरी बऱ्यापैकी कळतं. पण एका कंपनीच्या मुलाखतीत जपानी साहेबांनी साधंच विचारलं की सुट्टीच्या दिवशी काय करतोस, तर माझ्या तोंडातून एक वाक्य धड निघेना, आणि जे निघालं त्यात मी स्वतःला 'ओरे' म्हणालो, ते हसले. मित्र म्हणतात ॲनिमे बंद कर आणि पुस्तक धर. करू का बंद?

अजिबात बंद करू नकोस. इतकी वर्षं ऐकून तुझा जो कान तयार झालाय तो पुस्तकाने झाला नसता. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कोण ॲनिमे बघणारं आहे ते मला लगेच कळतं, कारण 'देसु' (म्हणजे 'आहे') न म्हणता ती मुलं आपसूक 'देस्' म्हणतात, शेवटचा उ गिळून टाकायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तर कान झालाय, तोंड व्हायचंय, आणि तुला तसं कुणी कधी सांगितलं नाही त्याचं एक कारण ती परीक्षाच आहे. जेएलपीटीच्या पाचही पातळ्यांत बोलण्याची परीक्षाच नाही, सगळे पर्यायी प्रश्न, गोल काळे करायचे, त्यामुळे सगळ्यात सोपी एन५ काय किंवा अगदी सगळ्यात अवघड एन१ काय, एक शब्द न बोलता पास होता येतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबाला हे माहिती असतं, म्हणून तो सर्टिफिकेट बाजूला ठेवून सुट्टीच्या गप्पा मारतो.

नुसतं ऐकून बोलता येतं की नाही यावर भाषातज्ज्ञांत जुना वाद आहे. स्टीफन क्रॅशन म्हणायचे की समजेल असं भरपूर ऐका-वाचा, बोलणं आपोआप येईल. पण कॅनडामध्ये इंग्रजी घरातली मुलं वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती, त्यांना फ्रेंच उत्तम कळायचं आणि तरी बोलताना व्याकरण डळमळायचं, आणि हे बघून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलं की ऐकण्याबरोबर स्वतः वाक्य जुळवून बोलायची वेळ माणसावर यायला लागते, ती आली की मगच त्याला कळतं आपल्याला नेमकं काय येत नाही. मला स्वेनबाईंचं पटतं. तुझ्यावर ती वेळ थेट मुलाखतीत आली, एवढंच झालंय.

आता 'ओरे'चं. ते चूक नाहीये, ते 'मी'च आहे, पण दोस्तांमध्ये बोलायचं पुरुषी 'मी'. मुलाखतीत 'वाताशि' म्हणायचं. ॲनिमेतला हिरो ओरे म्हणतो, समोरच्याला ओमाए, म्हणजे दांडगटपणे 'तू' म्हणतो, खलनायक तर किसामा, म्हणजे शिवी दिल्यासारखं 'तू' म्हणतो, आणि शिनचॅन स्वतःला 'ओरा' म्हणतो जे जपानमधली पाच वर्षांची शहरी मुलंही म्हणत नाहीत. पांढऱ्या दाढीचा शास्त्रज्ञ 'वाशि' म्हणतो, खरा जपानी प्राध्यापक कधीच म्हणणार नाही. ओसाकाचे एक भाषातज्ज्ञ आहेत, किनसुई सातोशी, त्यांनी २००३ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला 'याकुवारिगो' म्हणलं, म्हणजे पात्राची भाषा, जी ऐकली की प्रेक्षकाला लगेच कळतं की हा म्हातारा, ही श्रीमंताची लेक, हा गावाकडचा. ती खऱ्या माणसांच्या तोंडात नसते. उद्या कुणी जपानी मुलगा आपल्या ऐतिहासिक मालिका बघून मराठी शिकला आणि किराणा दुकानात जाऊन 'आम्हांस एक शेर साखर हवी आहे' म्हणाला तर दुकानदार प्रेमाने हसेल आणि साखरही देईल, तुझ्या साहेबांचं हसणं मला तरी तसलंच वाटतं.

म्हणून आधी माणूस निवड. तुझ्या वयाचा, तुझ्यासारखं काम करणारा, ऑफिसात आणि दुकानात बोलणारा. मारामारीचं ॲनिमे करमणुकीसाठी खुशाल बघ, पण तोंडात घ्यायला रोजच्या आयुष्यावरची मालिका घे, ऑफिसवरचे ड्रामे घे. एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका असते, असादोरा म्हणतात तिला, १९६१पासून चालू आहे, भाग १५ मिनिटांचा असतो म्हणून अभ्यासाला फार सोयीची, फक्त कुठल्या गावची गोष्ट आहे ते बघून घे कारण पात्रं तिथली बोली बोलतात. आणि व्हरायटी शो बघ. त्यात पाहुणे जे बोलतात ते मोठ्या रंगीत अक्षरांत स्क्रीनवर येतं, तेरोप्पु म्हणतात त्याला, जपानी लोकांसाठीच असतं पण शिकणाऱ्याला ते आयतंच मिळतं, कारण खरं, तुटक, एकमेकांवर चढलेलं बोलणं आणि त्याची अक्षरं एकाच वेळी समोर येतात. विनोदी कलाकार बरेचसे ओसाकाकडचे असतात, ते होंतो (खरं) ऐवजी होंमा म्हणतील, दामे (नको, चालणार नाही) ऐवजी आकान म्हणतील, ते ओळखायला शिक, इतक्यात उचलू नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचं. अख्खा भाग नाही, अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायचा. कोंबिनीचा प्रसंग घे, म्हणजे ते चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, जवळपास प्रत्येक ड्रामात एकदा तरी येतंच. काउंटरवरची मुलगी डबा हातात घेऊन विचारते 'आतातामेमास् का', गरम करू का. हिरो म्हणतो 'आ, ओनेगाइशिमास्', हो, करा. मग ती पिशवीचं विचारते, कारण २०२०च्या जुलैपासून तिथे प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, 'फुकुरो वा गोरियोओ देस् का', आणि तो म्हणतो 'दाइजोओबु देस्'. वर्गात तू दाइजोओबु म्हणजे 'ठीक आहे' असं शिकलास, इथे ते 'नको, चालेल' आहे, आणि मान किंचित हलते, हात जरासा वर येतो, हे कुठलं पुस्तक दाखवणार? हा तुकडा आधी नुसता ऐक. मग जपानी सबटायटल लावून ऐक, इंग्रजी नाही. मग त्या हिरोच्या मागोमाग, त्याचं वाक्य संपायच्या आत, त्याच्याच चालीत बोलत राहा, अर्थाचा विचार न करता, याला शॅडोइंग म्हणतात, दुभाष्यांना ही सवय लावतात. मग फोनवर स्वतःचं रेकॉर्ड कर आणि दोन्ही लागोपाठ ऐक. हे लाजिरवाणं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, पण याच्याशिवाय सुधारणा होत नाही. आणि शेवटी आवाज बंद करून हिरोच्या जागी तू बोल, आणि तेच नको, तुझं बोल, गरम नको म्हण, पिशवी हवी म्हण, दोन जोड चॉपस्टिक माग. या शेवटच्या पायरीला मुलं कंटाळतात आणि पुढचा भाग लावतात, पण वाक्य पात्राचं न राहता तुझं होतं ते इथेच.

रेकॉर्डिंग ऐकताना काय शोधायचं तेही सांगते. आपण मराठी माणसं ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो (तेही भांडत भांडत), बोलताना पाळत नाही, 'पाणी' मधली णी लांब म्हटली काय आणि आखूड म्हटली काय, काही बिघडत नाही. जपानीत बिघडतं. बिरु म्हणजे इमारत आणि बीरु म्हणजे बिअर. ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाआसान म्हणजे आजी, आणि कुठल्याच काकूंना आजी म्हणलेलं आवडत नाही. किते म्हणजे ये, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. ही लांबी अक्षरांत वाचून अंगात येत नाही, पात्रासोबत बोलूनच येते. उलट काही गोष्टी आपल्याला जन्मतः मिळाल्यात त्यांचा फायदा घे. 'त्सु' म्हणताना हिंदी भाषिक मुलं अडतात, आपल्याकडे चमचा-चटणीतला च आहे, त्यामुळे आपली जीभ आधीच तिथे असते. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय शब्दामागे, हे दोन्हीकडे सारखंच. आणि वाक्याच्या शेवटी जपानी माणूस 'ने' लावतो तिथे आपण 'ना' लावतो, 'छान आहे ना', हा सूर तुझ्याकडे आहेच, फक्त शरमू नकोस.

अजून एक गोष्ट, जी बघणारे हमखास सुटू देतात. एक पात्र बोलत असतं तेव्हा दुसरं काय करतंय ते बघ. ते गप्प नसतं, 'हाइ', 'एए', 'आ, सोओ देस् का' (हो, हं, असं होय) असं मधेमधे चालूच असतं. आइझुचि म्हणतात. गोष्ट सांगताना समोरच्याने हुंकार द्यायला हवा असं आपल्याकडे आजी म्हणायची तेच हे, पण जपानीत ते इतकं दाट असतं की तू शांतपणे नीट ऐकत बसलास तर समोरच्याला वाटतं याला कळत नाहीये किंवा पटत नाहीये. मुलाखतीत तू साहेबांकडे एकटक बघत गप्प बसला असशील असा माझा अंदाज आहे. यासाठी एक वेगळा तुकडा घे आणि बोलणाऱ्याचं नाही, ऐकणाऱ्याचं पात्र कर.

मालिकांत 'ताबेते शिमात्ता' (खाऊन टाकलं) कुणी म्हणत नाही, 'ताबेचात्ता' म्हणतात, 'इकानाकेरेबा नारिमासेन' (जायलाच हवं) ऐवजी 'इकानाक्या' म्हणतात, हे सगळं उचल पण मित्रांसाठी. ऑफिसात देस्-मास् ही आदराची रूपं धरूनच बोल. कळलं हे सांगायला ॲनिमेतला प्रत्येक सैनिक 'र्योओकाइ' म्हणतो, क्लायंटसमोर 'शोओचि शिमाशिता' म्हणायचं. आणि आठवड्यातून एकदा तरी जिवंत माणसाशी बोल. पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की दोघं मिळून एक तुकडा वाटून घेणं अवघड जाऊ नये, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. व्हिडिओ तुझं उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलत नाही, माणूस बदलतो, आणि बोलण्याची सगळी मेहनत त्या बदललेल्या प्रश्नाला तोंड देण्याचीच असते.

प्रश्न : मी नाशिकची, वय ५४. मुलीमुळे कोरियन मालिकांचं वेड लागलं, रोज रात्री एक भाग होतोच. आता वाटतं नुसतं बघण्यापेक्षा थोडं बोलायला शिकावं. या वयात जमेल का आणि सुरुवात कुठून करू?

जमेल ताई, आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी क्लासला येणाऱ्या पोरांकडे नसते, तुम्हाला रोज बघायचा कंटाळा येत नाही.

सुरुवात लिपीपासून करा. हंगुल राजा सेजोंगच्या काळात तयार झाली, १४४६ साली जाहीर झाली, लोकांना सहज शिकता यावी हाच हेतू होता. आज मूळ अक्षरं २४. व्यंजन-स्वर जोडून एक अक्षर बनवायचं हे आपल्याला बाराखडीपासून ठाऊक आहे त्यामुळे आठवडाभरात वाचायला लागाल. ती आली की इंग्रजी सबटायटल काढा आणि कोरियन लावा, कारण मालिकेतली निम्मी मजा इंग्रजीत उतरतच नाही. कोण कुणाशी कसं बोलतंय ते बघा. वाक्याच्या शेवटी 'यो' असेल तर मानाने बोलणं, तो गेला तर जवळिकीचं. दोन पात्रं एका भागात ठरवून 'यो' सोडतात, आपल्याकडे अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येतात ना तसंच, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये आधीही 'यू' असतं आणि नंतरही 'यू'. वयाचं इतकं महत्त्व की नाती सुद्धा बोलणाऱ्यावर ठरतात, मोठ्या भावाला बहीण ओप्पा म्हणते आणि भाऊ ह्योङ म्हणतो, मोठ्या बहिणीला बहीण ओन्नी म्हणते आणि भाऊ नुना. तुम्ही स्वतः सरसकट 'यो' लावूनच बोला, कुठेच चुकणार नाही. राजेरजवाड्यांच्या मालिका बघायला छान, बोलायला घेऊ नका.

अवघड काय जाईल तर क-त-प. कोरियनमध्ये ते तीन तीन तऱ्हेचे आहेत आणि आपल्या प-फ-बच्या खणांत ते नीट बसत नाहीत. चंद्र, मुलगी आणि मुखवटा यांचे कोरियन शब्द सुरुवातीला कानाला जवळजवळ एकच वाटतील. घाबरू नका, बघत आणि म्हणत राहिलं की वेगळे व्हायला लागतात. मुलीला आठवड्यातून एक दिवस रात्रीच्या जेवणात फक्त कोरियनमध्ये वाढ म्हणून सांगा, पाणी दे, भात दे, पुरे, तुमच्या मालिकांत नाहीतरी सारखं जेवणच चाललेलं असतं.

प्रश्न : माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. टीव्हीवर इंग्रजी आणि फ्रेंच कार्टून लावून ठेवलं तर लहान वयात भाषा कानावर पडून येईल असं शेजारी म्हणतात. खरं का? (ठाणे)

नाही, आणि इथे मी ठामच सांगते. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. एका गटाशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, पुस्तकं वाचली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं डीव्हीडीवर दाखवलं. पहिल्या गटाच्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता यायला लागले, डीव्हीडीवाल्यांना काहीही फायदा झाला नाही, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकंच त्यांना येत होतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये सांगितलंय की वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच. आपली पोरं हिंदी कार्टून बघून हिंदी बोलायला लागतात हे खरं, पण ती तीन-चार वर्षांची असतात, एक भाषा पक्की झालेली असते, आणि खाली सोसायटीत हिंदी बोलणारी दुसरी पोरं खेळायला असतात. बाळाशी मराठीत भरपूर बोला. घरात कुणाला चांगलं फ्रेंच येत असेल तर त्यांनी फ्रेंचमध्ये बोलावं, टीव्हीने नको.

प्रश्न : मी सांगलीत नर्स आहे, जर्मनीला जायचंय, जर्मनची बी१ पातळी झालीये, पुढची बी२ चालू आहे. सर म्हणतात रोज जर्मन बातम्या ऐका. ऐकते, पण क्लासमधल्या संवादांसारखं कुणी बोलतच नाही असं व्हिडिओ बघताना वाटतं. आणि सबटायटल लावू की नको?

बातम्या ऐका पण त्याने बोलणं येणार नाही, बातमीदार तुमच्याशी बोलत नसतो, तो वाचत असतो. तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे. पुस्तकात 'इश हाबे' (माझ्याकडे आहे) असतं, माणसं 'इश हाब' म्हणतात, 'निश्त'चा (नाही) त उडतो, 'आयने'चं (एक) नुसतं 'ने' उरतं. आणि मधे पेरलेले 'दोख', 'माल', 'हाल्ट' हे छोटे शब्द. व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना अर्धं पान मिळतं आणि जर्मन माणूस दर दुसऱ्या वाक्यात ते वापरतो. मराठी माणसाला ते लवकर कळायला पाहिजेत, 'ये', 'ये ना', 'ये की', 'येच' यातला फरक आपण कुणाला नियमात सांगू शकत नाही पण चुकतही नाही, 'कॉम' (ये) आणि 'कॉम दोख' मधला फरक त्याच जातीचा आहे. हे शब्द यादी करून पाठ करू नका, ज्या वाक्यात ऐकले ते अख्खं वाक्य त्या सुरासकट उचला. पेशंटला सांगायचं 'बसा' हे नुसतं आज्ञार्थी सांगितलं तर दरडावल्यासारखं होतं, 'माल' घातलं की मऊ होतं, वॉर्डात हा फरक रोज लागणार आहे.

तुमच्यासाठी हॉस्पिटलची मालिका सगळ्यात कामाची. 'इन आलर फ्रॉइंडशाफ्ट' नावाची एआरडी या जर्मन वाहिनीची मालिका १९९८पासून चालू आहे, लाइपझिगमधल्या हॉस्पिटलची, डॉक्टर, नर्स, नातेवाईक सगळे त्यात. त्या आधी जरा सोपं हवं असेल तर डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही फुकट मालिका आहे, शिकणाऱ्यांसाठीच केलेली, ए१ ते बी१, तुम्ही तिथपर्यंत आलाच आहात तेव्हा शेवटचे भाग बघून पुढे सरका.

सबटायटल लावा, पण जर्मन. आणि एक खबरदारी, अमेरिकन मालिका जर्मन डबिंगमध्ये लावली तर आवाज आणि सबटायटल बऱ्याचदा जुळत नाहीत, कारण डबिंगवाला ओठांच्या हालचालीला बसेल असं लिहितो आणि सबटायटलवाला स्वतंत्र भाषांतर करतो, तुम्ही बिचाऱ्या ऐकता एक आणि वाचता एक. म्हणून मुळात जर्मनमध्येच बनलेलं घ्या. बी२ला बोलण्याची परीक्षा असते, जोडीदाराबरोबर चर्चा करायची असते, तेव्हा आत्तापासून एका प्रसंगात नर्सचं पात्र स्वतःकडे घेऊन मोठ्याने बोलायची सवय लावा. ड्युटीवरून दमून आल्यावर रोज जमणार नाही, जमेल तेव्हा करा पण तोंडाने करा.

प्रश्न : व्हिडिओचा स्पीड कमी करून ऐकलं तर चालेल का? (एका ओळीचं पत्र, नाव-गाव नाही)

पहिल्यांदा एखादं वाक्य उलगडत नसेल तर पाऊणपट करा, उलगडलं की लगेच पूर्ववत करा. हळू केल्यावर गिळलेली अक्षरं ताणली जातात, श्वास कुठे घेतला ते कळत नाही, आणि सोबत बोलायला गेलात तर तीच ताणलेली चाल तोंडात बसते. तुकडा जड वाटत असेल तर स्पीड नका कमी करू, तुकडा लहान करा.